देवाच्या आधी खाल्लेलं मोहफूल

मोहफुलं कुणाला विचारून पडत नाहीत. होळी जवळ आली की पहाटेच्या गारव्यात ती आपली टपटपायला लागतात आणि ऊन चढलं की थांबतात. मी आता चंद्रपुरात, सिमेंटच्या घरात, दुसऱ्या मजल्यावर राहते. इथून एकही मोहाचं झाड दिसत नाही. पण परवा मुलाने बसस्टँडवरच्या बाईकडून पसाभर ओली फुलं आणली आणि त्यांच्या वासाने घर भरून गेलं. गोड, जड, थोडा आंबूस वास. सवय नसलेल्या माणसाचं त्याने डोकं दुखतं. माझ्या सुनेने खिडक्या उघडल्या. मी लावून घेतल्या. तिने पुन्हा उघडल्या. ऐंशी उलटलेल्या बाईला आता खिडक्यांपुरतीच लढाई उरली आहे, असा तिचा समज होता.

तो दुपारपर्यंतच टिकला. दुपारी भाजीला हळद हवी म्हणून मी बरणीत चमचा घातला, तर चमच्याला काहीतरी लागलं. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या, हळदीत नीट पुरलेल्या गोळ्या. नातीच्या. मंजूच्या.

मंजू नागपुरात नोकरी करते. गेल्या वर्षी तिचं मन आजारी पडलं. खाणं गेलं, झोप गेली, दोन महिने ती घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडून होती. मग डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, दर पंधरा दिवसांनी एका बाईंकडे जाऊन बोलणं सुरू झालं. आता ती हसते, भांडते, माझ्या पानातलं लोणचं पळवते. येत्या रविवारी तिला पाहायला वरोऱ्याचे पाहुणे येणार आहेत. म्हणून ती रजा घेऊन घरी, आणि गोळ्या हळदीत.

"आई, चार दिवसाचीच गोष्ट आहे," सून म्हणाली. "लोक काय म्हनतीन? लग्न झालं का मंग सांगू हळूहळू."

"हळूहळू म्हंजे कसं व? पयले अर्धी गोळी सांगशीन का?"

  पिशवीत हळद शिरून पिवळ्या झालेल्या गोळ्या मी पुसत बसले, आणि बाजूच्या ताटातली मोहफुलं माझ्याकडे पाहत बसली. ती आणि मी, आम्ही एकमेकांना फार वर्षांपासून ओळखतो. त्यांना माझं एक पाप माहीत आहे. रविवारच्या आधी ते लिहून काढायचं ठरवलं. मंजूला विचारून लिहिते आहे. ती म्हणाली, "लिही, आजी. माझं नाव पण लिही."

लिहिलं.

सतरा वर्षांची मी. काय सांगू त्या पोरीबद्दल. आज समोर आली तर मी तिचे कान उपटीन, आणि ती माझ्या हाताला चावेल. चौथी पास होती. माहेर चांद्याचं. तेव्हा चंद्रपूरला चांदाच म्हणत, गडचिरोली वेगळा जिल्हा नव्हता, आणि आम्ही मध्यप्रदेशात होतो. राज्य कुणाचंही असो, अक्कल मात्र सगळी माझ्याच घरी पाणी भरते असं मला वाटायचं. मला पत्र वाचता यायचं. सासरच्या गावात बायकांपैकी दुसऱ्या कुणाला येत नव्हतं. त्यामुळे मी विहिरीवर पाणी शेंदतानाही असं तोंड करायची की जणू दोराही वाचते आहे.

सासर वैनगंगेच्या अलीकडे. पलीकडे मार्कंड्याच्या देवळांची शिखरं दिसायची. धानाच्या बांध्या, एक तलाव, आणि बांध्या संपल्या की जंगल. जंगलाच्या तोंडाशी आमचा मोह. गावात प्रत्येक घराची झाडं ठरलेली असत. अस्वलांनाही ती माहीत होती. फक्त कुणाचं कुठलं, हे त्यांना मान्य नव्हतं. फुलं पडायच्या आधी झाडाखालचा पाचोळा झाडून जाळायचा. जमीन काळी, स्वच्छ होते आणि मग त्या काळ्या जमिनीवर फिकट पिवळी फुलं अशी दिसतात की अंधारातही हात बरोबर त्यांच्यावर पडतो. उजाडता उजाडता आम्ही टोपल्या घेऊन तिथे असायचो. बोलायचं नाही, वेचायचं. पाठ दुखली तर दुखू द्यायची. वर्षाचं खाणं त्यात असे. वाळवलेली फुलं भाजून, जवसाबरोबर कुटून केलेले लाडू मी आषाढापर्यंत चोरून खायची.

दोन्ही हातांनी वेचायला मला पार्बताने शिकवलं. पार्बता माझी मोठी जाऊ. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी. उंच, सावळी, हसली की बांधीच्या पलीकडे ऐकू जायचं. मी नवीन सून म्हणून आले तेव्हा पहिल्याच हंगामात तिने माझी टोपली पाहिली आणि म्हणाली, "हे काय व, कोंबडी तरी जास्त वेचते." आणि आपल्या टोपलीतल्या दोन पसे माझ्यात ओतले, सासूला कमी दिसू नये म्हणून. अशी ती होती. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे तिच्याशी मी जे केलं ते वाचताना तुम्हाला ते आठवत राहावं.

त्या वर्षी पौषात तिला मुलगा झाला. किसना. बाळ चांगलं गुटगुटीत. बारसं झालं. मार्कंड्याची जत्रा झाली. आम्ही सगळे नदी उतरून गेलो, ती आली नाही. जाऊ दे, ओली बाळंतीण आहे, असं सगळे म्हणाले. मग ती बोलेनाशी झाली. वेणी घालेना. बाळ रडायचं आणि ती त्याच्याकडे असं पाहायची की जणू शेजारणीचं कुणीतरी चुकून तिच्या मांडीवर ठेवलं आहे. छातीशी लावून दिलं तर पाजायची. काढून घेतलं तर हात तसेच रिकामे मांडीवर.

मी काय म्हटलं असेल? विहिरीवर, चार बायकांत, अगदी जाणत्यासारखं मान हलवून मी म्हटलं, "नाटक करून राह्यली. मोह वेचाले नको म्हनून."

बायका हसल्या. मला ते फार आवडलं. आणखी दोन दिवस मी तेच वेगवेगळ्या तऱ्हेने सांगितलं.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी ती तलावात सापडली. कमरेइतक्या पाण्यात उभी होती, लुगडं तरंगत होतं, आणि पुढे पाऊल टाकायच्या विचारात होती. म्हशी धुणाऱ्या माणसाने हाताला धरून बाहेर आणलं. तिने विरोध केला नाही. तो काय म्हणाला हेही तिने ऐकलं नसावं.

मग तिला बांधलं. हे वाचून आजची माणसं सासूला शिव्या देतील. द्या, पण थोडं थांबून द्या. आत्याबाईंनी, म्हणजे आमच्या सासूबाईंनी, बैलाचं दावं घेतलं, आणि तिच्या कमरेला घासू नये म्हणून त्यावर आपल्या जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळली. एका बाजूने बांधत होत्या आणि दुसऱ्या बाजूने पदराने डोळे पुसत होत्या. वेचायला जाताना तिला घरी एकटी सोडवत नसे, म्हणून सोबत नेऊन मोहाच्या बुंध्याला बांधत. त्यांना दुसरं काही माहीत नव्हतं. माहीत नसणं हे केवढं मोठं दुखणं आहे, ते मी त्या दाव्यावर पाहिलं. म्हणून मला आज राग येतो तो माहीत असून हळदीत पुरणाऱ्यांचा.

आता माझं पाप.

आमच्याकडे नवं मोहफूल आधी गावदेवाला वाहायचं. तोवर कुणी तोंडात घालायचं नाही. लहान पोरांनासुद्धा मनाई. ती पूजा व्हायच्या चार दिवस आधी, एका सकाळी, झाडाच्या मागच्या बाजूला बसून मी फुलं खाल्ली. एखादं नाही, मूठभर. आतले तंतू झटकायचे आणि गर चघळायचा. रस इतका गोड की जिभेला मुंग्या येतात. दुसरी मूठ मी घरच्या वाटेवर संपवली. देवाची भीती वाटली का? वाटली. पण भूक देवापेक्षा जवळ होती.

पूजेच्या दिवशी पुजाऱ्याला पार्बतेचंही पाहायला सांगितलं. त्याने सुपात तांदूळ पसरले, बोट फिरवलं, बराच वेळ पुटपुटला आणि म्हणाला, "या घरात कोनीतरी देवाच्या आधी फूल खाल्लं. त्याचा कोप हाय."

 मामाजींनी, माझ्या सासऱ्यांनी, एकेकाकडे पाहायला सुरुवात केली. त्यांची नजर माझ्यापर्यंत यायला अजून दोन माणसं होती, आणि तेवढ्यात माझं तोंड उघडलं.

"मोठीच्या पदरात फुलं पाह्यली मी."

खोटं नव्हतंच ते. झाडाखाली बसायची ती, वरून पडलेली फुलं पदरात राहायची, ती झटकायचीसुद्धा नाही. इतकं चतुर खरं बोलणं चौथी पास बाईलाच सुचतं. मार चुकावा म्हणून मी बोलले, हे तर आहेच. पण सगळ्या अंगणाने वळून माझ्याकडे पाहिलं, तेव्हा मला बरं वाटलं, हेही आहे. ते मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. आज सांगितलं.

पुजाऱ्याने सांगून टाकलं. "झाडाचा दोष झाडाखालीच फिटन. फुलं सरेपर्यंत तिले तिथंच बसवा. सोडलं झाडानं तं ठीक. नाई सोडलं तं माहेरी पोचवा."

"आन लेकरू?" आत्याबाईंनी विचारलं.

"लेकरू घराचं हाय. ते इथंच राहीन."

पार्बतेचं माहेर वरोऱ्याकडचं, कापसाच्या मुलखातलं. तिथे गेलेली बाई परत येणार नव्हती. दुसरी सून पाहायला वेळ लागला नसता. आणि तीन महिन्यांचं अंगावरचं बाळ शेळीच्या दुधावर किती दिवस जगतं, हे त्या अंगणातल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं.  थोरले दीर, ज्यांना आमच्याकडे भासरे म्हणतात, खांबाला टेकून जमिनीकडे पाहत राहिले.

त्यानंतरची जवळपास तीन आठवड्यांची सकाळ न् सकाळ माझ्या अंगात आहे. आजही मोहाचा वास आला की आधी ती काळी जमीन दिसते, मग दावं, मग ती. आम्ही वेचत असायचो आणि मध्ये पार्बता बसलेली. केसांत फुलं, खांद्यावर फुलं, मांडीवर फुलं. आम्ही तिच्या भोवतीची वेचायचो, अंगावरची कुणी उचलायचं नाही. दोषाची फुलं ना ती. बाळाला दिवसातून चारदा आणून तिच्या छातीशी धरायचे आणि परत न्यायचे. पळस विझत आला होता, आंब्याला कैऱ्या धरत होत्या, सगळं रान आपापल्या कामात होतं. मी मात्र टोपलीकडे पाहायची सोडून फांदीकडे पाहायला लागले. दर सकाळी फुलं कमी पडत होती. आधी टोपली भरायची, मग पाऊण, मग अर्धी. फुलं सरली की गाडी जुंपायची. दुसऱ्या बायकांना वाटत होतं हंगाम संपतोय. मी गाडी जुंपायला उरलेल्या सकाळी मोजत होते.

आमच्या शेजारचं झाड सोमीबाईचं होतं. गोंडाची म्हातारी, सुपारीएवढा अंबाडा, कान टोपलीएवढे मोठे. एकदा तिने पार्बतेजवळ येऊन तिच्या केसांतली फुलं एकेक काढली आणि मला म्हणाली, "काऊन व, तुमचा देव बाळंतिणीशी भांडते का?"

"तिनं आधी खाल्लं न," मी म्हटलं.

"आमच्यातबी आधी खात नाई. पन हे पोरगी खाऊन राह्यली असं दिसत नाई मले. हे तं पानीबी पेत नाई." मग माझ्याकडे बारीक डोळ्यांनी पाहिलं. "तुह्या गालावर बाकी चांगलं मास चढलं हाय."

मी टोपली उचलून दुसऱ्या बाजूला गेले. तिकडेही फुलं नव्हतीच.

शेवटी शेवटी एका सकाळी आम्ही दोघीच होतो. आत्याबाई बाळाला आणायला गेल्या होत्या. वीस-पंचवीस फुलं पडली असतील. त्यातलं एक पार्बतेच्या पायाशी पडलं आणि ती दचकली. इतक्या दिवसांत तिचं अंग पहिल्यांदा हललं होतं.

"धाकटे," ती म्हणाली. आवाज गंजलेला. "मले झोप येत नाई व. फुलं वाजते."

"फुलं?"

"एकेक वाजते. घरी निजली तरी वाजते. लेकराचं रडनं दूर गेल्यासारखं वाट्टे, आन फुलं जवळ वाजते."

मी तिच्यासमोर बसले. काय बोलावं ते मला कळेना, आणि मला न कळण्याची सवय नव्हती. तिने बऱ्याच वेळाने माझ्याकडे पाहिलं. नीट. जुन्या पार्बतेसारखं.

"तू खाल्ली न त्या दिवशी. पाह्यली मी, झाडामागं."

माझ्या हातातली टोपली कलंडली.

"कोनाले नको सांगजो," ती म्हणाली. "मारतीन तुले."

मग तिची नजर पुन्हा कुठेतरी गेली.

मी खूप पुस्तकं नाही वाचली. पण वेडं माणूस म्हणजे काय, हे मला त्या दिवशी जेवढं कळलं तेवढं कुणी शिकवून कळलं नसतं. जिला सगळे 'गेली, हिचं डोकं गेलं' म्हणत होते, तिच्याजवळ त्या आजाराच्या तळाशीही मला वाचवण्याइतकं मन शिल्लक होतं. आणि जिचं डोकं शाबूत होतं, चौथी पास होतं, तिने काय केलं होतं ते तुम्ही वाचलंतच.

दुसऱ्या सकाळी एकही फूल पडलं नाही.

गाडी जुंपली. पार्बतेला गाडीत बसवलं. बाळ आत्याबाईंच्या मांडीवर, अंगणात. पुजारी आला होता, शेजार जमला होता. भासरे बैलांच्या मानेवर हात ठेवून उभे. आता एक सांगते, ते नवीन मुलींना खोटं वाटेल. धाकट्या सुनेने भासऱ्यासमोर बोलायचं नाही, त्यांच्या वाऱ्याला उभं राहायचं नाही, अशी रीत होती. घरात दोन वर्षं काढली होती, अंगणातली ती एक चहाडी सोडली तर त्यांनी माझा आवाज ऐकला नव्हता. मी गाडीसमोर जाऊन उभी राहिले. पदर होता डोक्यावर, पण जीभ झाकलेली नव्हती.

"फुलं मी खाल्ली," मी म्हटलं. "देवाच्या आधी. दोन मुठी. मोठीनं एक नाई खाल्लं."

आत्याबाई बाळ घेऊन उठल्या, आणि एका हाताने माझ्या तोंडात दिली. चांगली सणसणीत होती. त्यात माझी सगळी चौथी निघाली.

पुजारी म्हणाला, "पाह्य, तुहं पाप तिच्या अंगावर गेलं."

"माह्या अंगावर काऊन नाई आलं?" मी म्हटलं. गाल पेटला होता आणि मी थांबणार नव्हते. "मी खाल्ली, मी लठ्ठ झाली. तिनं नाई खाल्ली, ते सुकली. देवाले घर नाई सापडलं का? पत्ता मी लिहून देतो, मले लिहिता येते."

कुणीतरी हसलं. सोमीबाई असावी.  मामाजींनी मात्र माझ्याकडे पाहिलं, रागाने नाही, कोडं पडल्यासारखं.

"तिच्या अंगात कोनी नाई आलं," मी म्हटलं. "तिची झोप गेली हाय. मन दुखून राह्यलं तिचं. चांद्याच्या दवाखान्यात डाक्टरीनबाई हायेत. आमच्या गल्लीतल्या एका बाईले बाळंतपनानंतर असंच झालं होतं, तिथं नेली होती, ते बरी झाली. मले हे पयल्या दिवशीच ठाऊक होतं. आन मी विहिरीवर नाटक म्हनत बसली."

 खरोखर ठाऊक होतं मला. शहाणपणाच्या नादात आठवलंच नव्हतं.

"वरोऱ्याचा रस्ता चांद्यावरूनच जाते," मी भासऱ्यांना म्हटलं. "तिथं थांबा. आन लेकरू संगं न्या."

बैलांनी शेपट्या हलवल्या. दुसरं काही हललं नाही. मग भासरे आत्याबाईंजवळ आले, त्यांच्या कडेवरून किसनाला घेतलं आणि गाडीत पार्बतेच्या मांडीवर ठेवलं. तिच्या कमरेचं दावं सोडलं, त्याची लुगड्याची पट्टी तेवढी काढून बाळाखाली घातली, आणि दावं अंगणात टाकलं. माझ्याकडे न पाहता म्हणाले, "चाल, तूबी बस. तिथं बोलाले कोन हाय माह्याकडं?"

चांद्याला पोचायला दोन दिवस लागले. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पार्बतेला तपासलं, आम्हाला बाजूला बसवलं, आणि जे सांगितलं ते मी तेव्हापासून ऐकेल त्याला सांगत आले आहे. म्हणाल्या, "बाळंतपणानंतर काही बायकांचं मन आजारी पडतं. तापाने अंग पडतं, तसं. यात तिचा दोष नाही, कुणाच्या नजरेचा नाही, देवाचा तर नाहीच. तिला झोप हवी, औषध हवं, आणि जवळ असं माणूस हवं जे तिला हिंमत धर म्हणणार नाही, नुसतं बसेल." भासऱ्यांनी विचारलं, "बरी होईन?" त्या म्हणाल्या, "वेळ लागेल. तुम्ही थांबाल?" त्या माणसाने दवाखान्याच्या आवारातल्या कडुलिंबाखाली चूल मांडली.

महिनाभरापेक्षा जास्त राहिलो आम्ही. एक दिवसही जादू झाली नाही. पहिल्यांदा ती पाच तास झोपली. मग एकदा मीठ कमी आहे म्हणाली. मग एका सकाळी किसना रडला आणि मी उठायच्या आत ती उठली. एवढंच. पण रोवणीला ती आमच्यासोबत चिखलात उतरली. चार रोपं लावायची, कमरेवर हात ठेवून उभी राहायची, पुन्हा चार. गावात काही बायकांनी तिच्या हातचं पाणी घेणं सोडलं. मी त्यांची पत्रं वाचणं सोडलं. पाऊस संपायच्या आत सगळ्यांना तहान लागली.

तिला पुढच्या आयुष्यात तो आजार आणखी दोनदा आला. एकदा बऱ्याच वर्षांनी, काही कारण नसताना, धान कापणीच्या ऐन दिवसांत. तिने विळा खाली ठेवला आणि एवढंच म्हणाली, "धाकटे, फुलं वाजाले लागली." घरातल्या कुणीही काही विचारलं नाही. मामाजी तेव्हा थकले होते, तरी त्यांनीच पहिलं वाक्य उच्चारलं, "गाडी जुंपा." हे दोन शब्द आणि ते तीन शब्द, एवढी आमच्या घराची वैद्यकी. ज्या घरात दुखण्याला नाव असतं त्या घरात दावं लागत नाही. पार्बता ऐंशीच्या पलीकडे जगली, सहा नातवंडं अंगावर खेळवली, माझी चहाडी शेवटपर्यंत सगळ्यांना हसून सांगायची आणि मी चिडायची. किसना सत्तरीला टेकला आहे, आणि साखर वाढलेली असताना मोहाचे लाडू मागतो.

पण मला सांगायचं आहे ते पुढच्या वर्षाचं. तिच्या आजारानंतरचा पहिला हंगाम. झाडाखालची जमीन पुन्हा काळी केली होती. पूजेला अजून तीन दिवस होते. आत्याबाई, शेजारणी, सगळ्या वेचत होत्या. पार्बता मध्येच सरळ उभी राहिली. टोपलीतून एक फूल घेतलं, तंतू झटकले, सगळ्यांदेखत तोंडात टाकलं आणि चघळत माझ्याकडे पाहिलं. मग दुसरं घेऊन माझ्यापुढे धरलं.  आत्याबाईंचा हात मी आधीच एकदा खाल्ला होता, तो कुठून येईल याचा अंदाज घेत मी तोंड उघडलं.

हात आला नाही. आत्याबाई वाकून वेचत राहिल्या. थोड्या वेळाने, न बघता, म्हणाल्या, "बी थुंकजा व. पोट दुखते."

फुलात बी नसते. त्यांना ते माहीत होतं. पण काहीतरी तर म्हणायला हवं होतं.

एवढं रविवारच्या आधी लिहून झालं. आता रविवार.

पाहुणे आले. मुलगा बरा वाटला, कमी बोलणारा. त्याची आई चांगली भरल्या अंगाची, डोळ्यांनी घर मोजणारी. पोहे झाले, चहा झाला. स्वयंपाकघरातल्या हळदीच्या बरणीत आता नुसती हळद होती, कारण सुनेने पुन्हा पुरलेल्या गोळ्या सकाळीच मी पुसून मिठाच्या डब्याशेजारी, उघड्या फळीवर ठेवल्या होत्या. सुनेने ते पाहिलं होतं. माझ्याशी बोलत नव्हती. मी मंजूला एवढंच विचारलं होतं, "मी सांगू का तू सांगशीन?" ती म्हणाली होती, "तू नको. तू सांगशील तर तासभर लागेल."

साडेअकराला मंजू उठली, पाण्याचा पेला आणि गोळी घेऊन पुन्हा येऊन बसली. "माझ्या औषधाची वेळ आहे," म्हणाली. "मला नैराश्याचा आजार झाला होता. आता बरी आहे, औषध चालू आहे. तुम्हाला काही विचारायचं असेल तर विचारा." आणि गोळी गिळली.

 पाहायला आलेला मुलगा मंजूकडे पाहत होता. त्याची आई पदर सारखा करत होती. सारखा होता तरी करत होती. "हे आधी सांगतलं नाई तुमी," ती म्हणाली.

"आता सांगतलं न, बाई," मी म्हटलं. "लग्नाच्या आधीच तं सांगतलं."

पाहुणे गेले. कळवतो म्हणाले. कळवोत. नाही कळवलं तर त्यांच्या घरात कुणाचं मन दुखलं की ते कुठल्या बरणीत पुरलं जाणार आहे, हे आम्हाला आधीच कळलं म्हणायचं.

सून खिडकीपाशी उभी होती. खिडकी उघडी होती, आणि ती लावत नव्हती. मग फळीवरच्या गोळ्या तिने उचलल्या.  तिने त्या पुसल्या, एक रिकामी वाटी घेतली, त्यात नीट मांडल्या, आणि वाटी पुन्हा त्याच फळीवर ठेवली. झाकण न घालता.

ताटात दोनच मोहफुलं शिल्लक होती. किंचित सुकलेली. मी एक मंजूच्या हातावर ठेवलं.

"याची पूजा झाली का, आजी?" तिने विचारलं.

"नाई," मी म्हटलं. "खा."